ट्रकचा क्लच सेट बदलणे

गिअर हाताने टाकायच्या ट्रकमधील झिजलेली क्लच प्लेट आणि तिच्या जोडीचे भाग काढून नवे बसवण्याचे काम. फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाचे जड चाक) आणि प्रेशर प्लेट (स्प्रिंगने दाबणारी तबकडी) यांच्यामध्ये क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते. पॅडल मारले की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला रेटते, प्लेट मोकळी होते आणि इंजिन गिअरबॉक्सपासून सुटते. प्लेटच्या दोन्ही बाजूंचे लायनिंग, म्हणजे घासून पकड देणारा थर, आज ना उद्या झिजणारच.

कोल्हापूर भागात ते लवकर का झिजते, हे उसाच्या हंगामात कुठल्याही शिवारात दिसते. भरलेली गाडी भुसभुशीत रानातून डांबरीवर काढताना ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर इंजिन रेटतो. पुढे कारखान्याच्या रांगेत हातभर पुढे, पुन्हा उभे, असे तासन् तास चालते. कोकणातून वर येणाऱ्या गाड्यांना करूळ, भुईबावडा, आंबा आणि फोंडा हे घाट आहेत. अर्ध्या क्लचवर प्लेट घासत फिरते आणि प्रचंड तापते. चढावर ब्रेक न लावता गाडी क्लचवरच धरून ठेवण्याची सवय तर सर्वांत महागात पडते.

क्लच गेल्याची खूण म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी ओढत नाही. सोबत जळका वास येतो. गिअर करकरत पडत असेल तर मात्र प्लेट नीट सुटत नाही असे समजावे. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच ऑइलची पातळी आणि क्लच सिलिंडरची गळती पाहावी, ऑइलच्या लाइनमधली हवा काढावी. निम्मी डोकेदुखी तिथेच संपू शकते.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावतात, बॅटरीची वायर काढतात, मग प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) सोडून गिअरबॉक्स जॅकवर घेतात. जड ट्रकचा गिअरबॉक्स माणसांनी खांद्यावर पेलायची वस्तू नव्हे. तो सरळ मागे ओढायचा. त्याचे वजन इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये शिरणारा गिअरबॉक्सचा पुढचा दांडा) लोंबकळले तर प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, वाकतो, आणि नवी प्लेटही पहिल्याच दिवशी थरथरू लागते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

उघडलेला क्लच बरेच काही सांगतो. लायनिंग झिजून ते पकडणाऱ्या रिव्हेटपर्यंत आले असेल तर फ्लायव्हीलवर गोल चरे उमटतात. निळसर डाग आणि केसासारख्या चिरा दिसल्या तर ते अति तापल्याचे लक्षण. चरे उथळ असतील तर फ्लायव्हील लेथवर साफ करून घेता येते. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांमुळे कोल्हापुरात त्यासाठी लांब जावे लागत नाही. पण कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे धातू काढू नये, आणि चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदलावेच. प्लेट तेलकट निघाली, तर क्रँकचे मागचे ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील गळते आहे. ते न बदलता नवी प्लेट घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

जुन्या प्लेटला नवे लायनिंग रिव्हेट करून घेण्याची पद्धत आहे. तेवढ्यापुरते ते स्वस्त पडते. पण खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यात असते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे, इनपुट शाफ्टचे टोक धरणारे पायलट बेअरिंगही हाताने फिरवून पाहावे. शेपन्नास रुपयांचे बेअरिंग वाचवून हंगामाच्या मध्यावर गाडी पुन्हा खोलावी लागली, तर बुडालेल्या खेपा कोण भरून देणार?

बसवताना प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, ती खूण बघायची. प्लेट मधोमध धरण्यासाठी डमी शाफ्ट घालतात आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळतात. शेवटचा ताण टॉर्क पान्याने (ताण मोजून आवळणारा पाना) द्यायचा. स्प्लाइनवर, म्हणजे इनपुट शाफ्टच्या खाचांवर, ग्रीसचा पातळ हातच पुरे, जास्त झाले तर ते उडून लायनिंगवर जाते. गिअरबॉक्स शेवटी सहज सरकला पाहिजे. सरकत नसेल तर बोल्टांनी ओढून न घेता प्लेटचा मध्य पुन्हा जुळवावा. नंतर पॅडलची मोकळी चाल (क्लच सुटू लागण्याआधीची रिकामी हालचाल) पुस्तिकेप्रमाणे लावतात. सुरुवातीचे काही दिवस हलक्या खेपा कराव्यात, म्हणजे लायनिंग फ्लायव्हीलवर सर्व बाजूंनी सारखे बसते.