तारली

तारली : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर थव्यांनी राहणारा लहान सागरी मासा. शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. लांबी साधारण १५ ते २० सेंमी., पाठ निळसर हिरवी, पोट रुपेरी, कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला काळा ठिपका. डोके याच वंशातील इतर माशांहून लांब असते. ओळखताना ते आधी पाहावे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत तारली, गोव्यात तारले, कारवारकडे बैगे, मंगळूर-उडुपीत बूताई, उत्तर केरळात मत्ती, तिरुवनंतपुरमच्या बाजूला चाळ, तेलुगूत नून कवळ्ळू अशी याची नावे आहेत. कोकणातल्या बाजारात पेडव्यांशी याची गल्लत होते. पेडवेही याच वंशातले, पण अंगाने जास्त चपटे आणि कमी तेलकट.

तारलीचे सारे आयुष्य पावसाळ्याशी बांधलेले आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खोलातले थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजते आणि ते खायला थवे किनाऱ्याकडे सरकतात. जून ते सप्टेंबर हा अंडी घालण्याचा मुख्य हंगाम. मासा वर्षभरात वयात येतो आणि जेमतेम अडीच वर्षे जगतो. त्यामुळे समुद्राचा एखादा हंगाम बिघडला की पुढची जाळी रिकामी येतात. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा १ लाख टनांवर. हे चढउतार नवे नाहीत. १९४० च्या दशकात मासा असाच आटला, तेव्हा मद्रास सरकारने १९४३ मध्ये त्याच्या मासेमारीवर निर्बंध घातले होते. पिल्ले वाचावीत म्हणून केरळात आता १० सेंमी.पेक्षा लहान तारली पकडायला बंदी आहे.

पूर्वी किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीत तारली मिळे. आता मुख्यतः पर्ससीन आणि केरळात रिंगसीन ही थव्याला वेढा घालणारी जाळी वापरतात. मलबारात विसाव्या शतकाच्या आरंभी तेल आणि खत काढण्याचे कारखाने होते. आज बराच मासा फिशमीलसाठी, म्हणजे खाद्यात घालायच्या माशांच्या भुकटीसाठी, जातो. ओमेगा-३ मेदाम्लांनी भरलेला इतका स्वस्त मासा कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जावा, हे खटकते. कोकणात तारलीचे तिरफळ घालून तिखले करतात, केरळात कुडमपुळीच्या (कोकमासारख्या आंबट फळाच्या) कालवणात शिजवून उकडलेल्या कप्प्याबरोबर, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाबरोबर, खातात. काटे बारीक आणि पुष्कळ, पण कुरकुरीत तळल्यास लहान मासा काट्यांसकट खाता येतो.