किडनीचा आजार आणि मधल्या वेळचं खाणं: आधी पाकीट उलटून बघा

किडनीच्या जुनाट आजारात सगळ्यांना चालेल अशी एकच यादी नसते. पोटॅशियम किती झेपेल हे तुमचा ताजा रक्ताचा रिपोर्ट ठरवतो, आणि डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांचं गणितही बदलतं. मीठ आणि वरून मिसळलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळ्यांनाच सांभाळावं लागतं.

मीठ
दिवसभराचं सोडियम साधारण 2000 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे सगळं धरून 5 ग्रॅम मीठ. लेबलवरचा आकडा 100 ग्रॅमचा की एका वाढणीचा, ते आधी पाहा. 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम असेल आणि 50 ग्रॅमचं पाकीट एका बैठकीत संपलं, तर 300 पोटात गेले. 100 ग्रॅमला 120 पर्यंत कमी समजा. 600 च्या पुढचं पाकीट परत ठेवा. जिभेवर विसंबू नका, खाण्याच्या सोड्यामुळे गोड बिस्किटातही सोडियम असतं.

‘लो सोडियम’ मीठ पथ्याचं वाटतं, पण त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

फॉस्फेट
हे पोषणाच्या तक्त्यात सहसा सापडत नाही. घटकांच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं. नावात ‘फॉस्फ’ दिसलं, किंवा 338 ते 341 आणि 450 ते 452 यांतला क्रमांक दिसला, की दुसरं पाकीट निवडा. धान्य-कडधान्यांतलं फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेलं असतं, त्यामुळे त्यातलं बरंचसं शोषलं जात नाही. मिसळलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. गडद रंगाचे कोला आणि प्रोसेस्ड चीज इथेच अडकतात. घरी फोडलेले बिनमिठाचे पॉपकॉर्न बहुतेकांना चालतात. तीन कपांत पोटॅशियम जेमतेम 80 मिलिग्रॅम.

पोटॅशियम
रिपोर्टमध्ये वाढलेलं नसेल तर फळं उगाच बंद करू नका. वाढलेलं असेल, तर केळ्याऐवजी (सुमारे 400 मिलिग्रॅम) सफरचंद घ्या, त्यात साधारण निम्मं असतं. सुकामेव्यात पाणी उडून जातं, पोटॅशियम तसंच राहतं, आणि मूठभर कधी संपतं ते कळत नाही. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. नुसतं भिजवून फारसं काही साधत नाही.

स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, एक फोडही नको. त्यातलं विष दुबळ्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, फिट्स असा त्रास होतो आणि जिवावरही बेतू शकतं.

मधुमेहही असेल तर
साखर अचानक उतरली की संत्र्याच्या रसाऐवजी 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या. रसातून पोटॅशियमही जातं.

पाण्यावर मर्यादा असेल तर आइस्क्रीम, जेली आणि सूप पाण्यातच मोजा. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणासोबत घेत असाल, तर चीज किंवा दाणे खाताना त्या घ्यायच्या का, हे पुढच्या तपासणीला विचारा. जेवणानंतर तासाभराने घेतलेली गोळी त्या जेवणातल्या फॉस्फरसला नीट पकडत नाही.