कोनेशन

कोनेशन म्हणजे मनाची ‘करू पाहण्याची’ बाजू. इच्छा उत्पन्न झाल्यापासून ती कृतीत उतरेपर्यंत माणूस आतून जो जोर लावतो, त्याला हे नाव आहे. मूळ लॅटिन क्रियापद ‘कोनारी’, अर्थ ‘प्रयत्न करणे’. मानसशास्त्रात जाणणे आणि वाटणे यांच्या जोडीचा हा तिसरा घटक. भाषाशास्त्रात याच शब्दाला निराळे अर्थ आहेत. मराठीत संकल्प, इच्छाशक्ती, क्रियाप्रवृत्ती असे शब्द त्यासाठी सुचतात, पण एकही नेमका बसत नाही. संकल्प करून माणूस स्वस्थ बसू शकतो, आणि कोनेशनमध्ये स्वस्थ बसणे बसत नाही.

ठाण्याच्या उपवन तलावाकाठी सकाळी चालायला येणाऱ्यांपेक्षा ‘उद्यापासून येतो’ म्हणणारेच जास्त असावेत. साखरेचा रिपोर्ट हातात आहे आणि चालल्याने ती आटोक्यात राहते हे ठाऊक आहे, हे झाले जाणणे. आकडा पाहून पोटात गोळा आला, हे वाटणे. साडेपाचला गजर वाजल्यावर पाय पांघरुणाबाहेर पडतो की हात गजर बंद करायला जातो, तिथे कोनेशन सुरू होते.

मनाची ही त्रिविध विभागणी अठराव्या शतकातल्या जर्मन विचारवंतांनी रूढ केली. कांटने १७९०च्या ग्रंथात ज्ञान, सुखदुःखाची भावना आणि इच्छा अशा तीन शक्ती मानल्या. त्याआधी सतराव्या शतकात तत्त्वज्ञ स्पिनोझाने ‘कोनाटस’ ही कल्पना मांडली होती. प्रत्येक वस्तू आपले अस्तित्व टिकवण्यासाठी धडपडते, असे तो म्हणतो, म्हणजे यातून दगडही सुटला नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगल यांनी १९०८ साली प्रत्येक सहजप्रवृत्तीला या तिन्ही बाजू असतात, असे प्रतिपादन केले. नंतर फक्त बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासणारा वर्तनवाद आला आणि हा शब्द अडगळीत गेला. १९८० साली मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट हिल्गार्ड यांनी मनाच्या या तीन बाजूंच्या इतिहासावर लेख लिहून त्याची आठवण करून दिली.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे, म्हणजे ओळखीच्या खुणा, सांगितली आहेत. आधी जाणतो, मग इच्छितो, मग यत्न करतो, असा नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, क्रम. कोनेशन या शब्दात इच्छा आणि प्रयत्न एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत. नैयायिकांनी ते सुटे ठेवले, आणि प्रस्तुत लेखकाला तेच सोयीचे वाटते. वरच्या गजरवाल्याकडे इच्छा होती, यत्न नव्हता. या दोहोंमधली दरी बुजवण्यासाठी पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेला उपाय साधा आहे: ‘व्यायाम करीन’ असे मोघम न ठरवता ‘गजर झाला की आधी बूट चढवीन’ असे ठरवावे.

यत्नच आटला तर ते आजाराचेही लक्षण असते. स्किझोफ्रेनियात काही रुग्ण दिवसचे दिवस अंघोळही करत नाहीत आणि घरचे त्यांना आळशी म्हणतात. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही इथल्या मनोरुग्णालयावरून पडलेली मराठीतली जुनी कुचेष्टा. तिच्या डोळ्यांसमोर असतो तो आरडाओरडा करणारा रुग्ण. कोपऱ्यात गप्प बसलेला तिच्यात कधीच नसतो.

भाषाशास्त्रात रोमान याकोबसन यांनी १९६०च्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांतले ‘कोनेटिव्ह’ कार्य ऐकणाऱ्याकडे वळलेले असते आणि आज्ञार्थ व संबोधन यांत ते ठळक दिसते. सकाळी ठाणे स्थानकात लोकलच्या दारातून ‘अहो, जरा आत सरका!’ अशी हाक येते, त्यात ही दोन्ही आहेत. त्यावर ‘हे खोटं आहे’ असे उत्तर देता येत नाही. एक तर सरकायचे, नाही तर ऐकू न आल्यासारखे करायचे. मानसशास्त्रातला यत्न स्वतःचा असतो, इथे तो दुसऱ्याकडून करवून घ्यायचा असतो. एकाच शब्दाच्या या दोन वापरांत विद्यार्थ्यांची गफलत होते ती यामुळेच.

व्याकरणात आणखी एक अर्थ आहे: क्रिया करू पाहिली, ती साधली की नाही हे सांगितलेले नाही. ग्रीक आणि लॅटिनमध्ये अपूर्ण भूतकाळ हे काम करू शकतो. इंग्रजीत ‘हिट’पुढे ‘ॲट’ लागले की फटका बसला का, ते गुलदस्त्यात राहते. मराठीने त्यासाठी ‘पाहणे’ क्रियापद कामाला लावले आहे. ‘तो गाडीत चढू पाहत होता’ म्हटले की गाडी सुटली असणार, असे ऐकणारा न सांगता समजतो. बोलताना ‘चढायला बघत होता’ म्हणतात. ‘करायला जाणे’ याच्या एक पाऊल पुढे आहे, त्यात बेत फसल्याची चाहूल असते: ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’. ‘भिंत पडू पाहतेय’ या वाक्यात मात्र इच्छा कुणाचीच नाही. तिथे उरतो तो फक्त ‘आता पडेल’ हा अर्थ.

संस्कृतात इच्छा धातूतच मुरवता येते. धातूची द्विरुक्ती होऊन ‘सन्’ प्रत्यय लागतो. पाणिनीने त्याचा विधी अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात दिला आहे. ज्ञा पासून जिज्ञासा, पा पासून पिपासा, मुच् पासून मुमुक्षू हे शब्द मराठीत आले ते याच वाटेने. श्रु पासूनचा ‘शुश्रूषा’ मूळचा ‘ऐकण्याची इच्छा’. त्याचा अर्थ पुढे आज्ञापालन आणि सेवा असा सरकत गेला, आणि आज रुग्णाची उशी सरळ करणाऱ्या हाताला आपण हा शब्द वापरतो.