चान कोम : मिल्पाच्या गावाचा बदल

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील चान कोम हे माया या मूळनिवासी समाजातील शेतकऱ्यांचे गाव मानववंशशास्त्रात ‘प्रगती निवडणारे गाव’ म्हणून ओळखले जाते. मात्र या निवडीचे मूळ शोधताना आधी तेथील शेती समजून घ्यावी लागते.

मिल्पा म्हणजे रान तोडून, जाळून, पावसाच्या तोंडावर केलेली मका, घेवडा आणि भोपळ्याची एकत्र पेरणी. चुनखडीच्या या भूमीवर मातीचा थर पातळ असतो; दोन-तीन पिके घेतली की जमीन कित्येक वर्षे पडीक ठेवावी लागते. त्यामुळे लोकसंख्या वाढली की नवे रान शोधणे भागच पडे. एबतून गावातील काही कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका सेनोतेच्या, म्हणजे नैसर्गिक पाणकुंडाच्या, काठी येऊन राहिली ती याच गरजेपोटी. १८४७ मध्ये पेटलेल्या माया उठावाने हा प्रदेश आधीच उद्ध्वस्त केला होता.

मेक्सिकन क्रांतीनंतर, १९१७ च्या राज्यघटनेमुळे, गावांना ‘एजिदो’ म्हणून सामाईक जमीन मिळवण्याचा मार्ग खुला झाला. ती मिळवायची तर सरकारदरबारी गाव म्हणून मान्यता हवी, आणि मान्यतेसाठी शाळा, सरळ रस्ते, चौक आणि दगडी घरे हवीत, हे गावातील पुढाऱ्यांनी ओळखले. गावकऱ्यांनी श्रमदानाने चिचेन इत्झा या प्राचीन माया नगराच्या अवशेषांकडे जाणारा रस्ता बांधला, आणि १९३५ मध्ये गावाला नगरपालिकेचा दर्जा मिळाला. गावातील शिक्षक आल्फोन्सो विया रोहास आणि अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट रेडफील्ड यांनी हे स्थित्यंतर नोंदवले. रेडफील्ड १९४८ मध्ये पुन्हा तेथे गेले.

माझ्या मते या कथेतील सर्वांत मोलाची बाब अशी की, नवेपणाकडे जाणारी ही वाट परंपरेनेच, म्हणजे मक्याला जमीन मिळवण्याच्या धडपडीनेच, आखून दिली. म्हणूनच शाळा आली तरी पाऊस लांबला की ‘ह-मेन’ हा विधिकर्ता चाक या पर्जन्यदेवतांना आवाहन करीत राहिला. प्रोटेस्टंट पंथाच्या आगमनाने मात्र गावात फूट पडली.

खरा धक्का १९७० च्या दशकात बसला. कानकुन हे पर्यटनशहर उभे राहिले आणि तरुण बांधकामावर, हॉटेलांत मजुरीला जाऊ लागले. मजुरीच्या पैशावर घर चालू शकते, हे दिसल्यावर मिल्पाशी बांधलेली गावातील प्रतिष्ठा आणि अधिकार यांवरच वाद सुरू झाला. जमीन कसणारे आणि शहरात कमावणारे यांच्यात गावाचा खरा वारस कोण, हा प्रश्न तेव्हापासून गावच्या राजकारणात आला.