ओ सुंग-ह्वानची 72 मॅचची बंदी आणि त्याआधी-नंतरचं सगळं

2025 च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातल्या सॅमसंग लायन्स या बेसबॉल टीमचा पिचर (बॉल टाकणारा) ओ सुंग-ह्वान याने रिटायर होतोय असं जाहीर केलं आणि सगळीकडे 549 हा आकडा फिरायला लागला. कोरियात 427 सेव्ह (थोडीच आघाडी असताना शेवटी येऊन ती टिकवली आणि मॅच संपवली की पिचरच्या नावावर एक सेव्ह), जपानमध्ये 80, अमेरिकेत 42. तीन देशांची अशी बेरीज करावी का यावर लोक भांडत बसतात, बसू देत, कारण नुसते कोरियातले 427 घेतले तरी दुसऱ्या नंबरवाल्याचे 300 पण नाहीत.

सुरुवातीची वर्षं पटकन सांगतो. कॉलेजात असतानाच कोपराचं मोठं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे 2005 च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) तो दुसऱ्या राउंडला सॅमसंगकडे आला. पहिल्याच सीझनला 10 विजय, 11 होल्ड (मॅचच्या मधे येऊन आघाडी टिकवली की मिळतो तो), 16 सेव्ह, ईआरए 1.18 (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन, जितके कमी तितकं चांगलं), वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू आणि वर कोरियन सिरीजचा, म्हणजे लीगच्या फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पण. तेव्हाचा मॅनेजर स्वतः एकेकाळचा दिग्गज पिचर होता आणि जपानमध्ये क्लोजर (आघाडी राखायला शेवटी येणारा पिचर) म्हणून खेळून आलेला, त्याने सीझनच्या मधेच या पोराला नववी, म्हणजे शेवटची, इनिंग देऊन टाकली. 2006 ला 47 सेव्ह. मग कोपर परत बिघडलं, 2010 चं वर्ष जवळजवळ वायाच गेलं, आणि 2011 ला परत 47 सेव्ह, ते पण 0.63 ईआरएने! तो असताना सॅमसंगने पाच टायटल्स जिंकली (2005, 2006, 2011, 2012, 2013). चेहऱ्यावरची रेघ हलत नाही म्हणून 'दगडी बुद्ध', आणि शेवटी येऊन खेळ संपवतो म्हणून 'फायनल बॉस'.

2014 ला तो जपानच्या हानशिन टायगर्सकडे गेला. पहिल्या वर्षी 39 सेव्ह, दुसऱ्या वर्षी 41, दोन्ही वेळा लीगमध्ये सगळ्यात जास्त. हानशिनला तो अजून हवा होता.

आणि इथेच ते प्रकरण निघालं. 2014 चा सीझन संपल्यावर तो सॅमसंगमधल्या एका जुन्या सहकाऱ्याबरोबर मकाऊच्या कॅसिनोत जुगार खेळला होता, ते 2015 च्या शेवटी चौकशीत बाहेर आलं. मकाऊत कॅसिनो कायदेशीर आहे पण कोरियन नागरिक परदेशात जाऊन खेळला तरी कोरियाचा कायदा त्याला धरतो. हानशिनने बोलणी थांबवली. दोघांनाही कोर्टाकडून दंड झाला, जेलबिल काही नाही. कोरियन लीगच्या शिस्त समितीने मात्र जानेवारी 2016 मध्ये ठरवलं की दोघंही कोरियात परत खेळायला आले तर निम्मा सीझन बाहेर बसतील, म्हणजे 144 पैकी 72 मॅच.

आता बघा, दोघांना शिक्षा एकच, पण भोगली कशी? त्या सहकाऱ्याला सॅमसंगने आधीच काढून टाकलेलं, तो 2016 लाच दुसऱ्या कोरियन टीमकडे गेला आणि सीझनच्या पहिल्या दिवसापासून मुकाट्याने 72 मॅच बसला, जुलैत मैदानावर आला, आणि वय तर चाळिशी गाठलेलं. ओने काय केलं, तर बंदीचा निर्णय आल्यावर काही दिवसांतच अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या सेंट लुइस कार्डिनल्सशी करार. तिथे कोरियन लीगची बंदी चालतच नाही. 2016 ला 76 मॅच, ईआरए 1.92, 103 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), सीझनच्या मधे क्लोजरची जागाही मिळाली आणि तिन्ही लीगमध्ये सेव्ह घेणारा तो पहिला कोरियन झाला. पुढे टोरांटो, मग कोलोराडो. बंदी तिकडे फाइलमध्ये पडून राहिली.

2019 ला कोलोराडोत ईआरए 9.33 झाला, कोपर दुखत होतं, टीमने सोडलं. ऑगस्टमध्ये सॅमसंगने त्याला साइन केलं आणि त्या दिवसापासून बंदीचा काउंट सुरू! त्या सीझनच्या उरलेल्या 42 मॅच त्यातून वजा झाल्या, आणि त्याच महिन्यात त्याचं कोपराचं ऑपरेशन झालं, म्हणजे बंदी असो नसो तो त्या वर्षी बॉल टाकणारच नव्हता. सिक लीव्हवर असलेल्या माणसाला सस्पेंड करावं आणि ते दिवस शिक्षेत धरावेत तसलाच प्रकार. राहिलेल्या 30 मॅच 2020 ला, आणि तो सीझन कोरोनामुळे मे महिन्यात सुरू झाला त्यामुळे कोपराला अजून आराम. 9 जूनला साहेब परत माउंडवर (पिचर जिथून बॉल टाकतो तो उंचवटा).

नियमाने बघितलं तर चूक काहीच नाही हे मान्य. निर्णयात मॅच मोजायच्या म्हटलेलं, खेळाडू फिट असताना मोजायच्या असं कुठे म्हटलेलं? सॅमसंगचे फॅन हेच सांगतात, शिवाय चार वर्षं घरापासून लांब काढली तीही शिक्षाच होती असंही वर जोडतात. मेजर लीगचा पगार घेऊन भोगलेली शिक्षा! माझ्या मते खरा घोळ 2016 च्या निर्णयातच होता, परदेशात निघून चाललेल्या माणसाला 'परत आलास तर' अशी बंदी घातली की ती कधी आणि कशी भोगायची हे तोच आणि त्याची टीम ठरवणार, दुसरं काय होणार. त्या सहकाऱ्याचं करिअर थोडंच उरलेलं, त्याला तो चॉइसच नव्हता.

परत आल्यावरची वर्षं मात्र कोणी नाकारू शकत नाही. 2020 ला 18 सेव्ह, मग 2021 ला वयाच्या 39 व्या वर्षी 44 सेव्ह आणि लीगमध्ये टॉपला. ते पण देगूच्या नव्या स्टेडियमवर, जे तो परदेशात असताना उघडलेलं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये कोरियातले 400 पूर्ण झाले. 2024 ला फास्टबॉलमधला तो जुना दम गेल्याचं दिसायला लागलं, 27 सेव्ह झाल्या पण दुसऱ्या हाफमध्ये क्लोजरची जागा गेली आणि प्लेऑफच्या टीममध्येही नाव नव्हतं. 2025 ला एकही सेव्ह नाही.

21 नंबरची जर्सी सॅमसंगने रिटायर केली. टीमच्या इतिहासातली ती चौथी, आधीचे तिघंही बॅटर, पिचरचा मान पहिल्यांदा याला.