आयडी तुमच्या डोमेनचा, सर्व्हर आमच्याकडे : मॅट्रिक्सला पत्ता सापडतो कसा

मॅट्रिक्स म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या लोकांना एकमेकांशी चॅट करू देणारी खुली पद्धत. तिचा सर्व्हर आमच्याकडून घेणारे बरेच जण विचारतात की आमची वेबसाइट दुसरीकडे होस्ट केलीय, चॅट तुमच्याकडे, मग आयडी @नाव:कंपनी.कॉम असाच कसा राहणार आणि बाहेरच्या सर्व्हरना मेसेज कुठे टाकायचा ते कळणार कसं. राहतो, आणि कळतं पण.

आयडीत कोलनच्या पुढे असतं ते सर्व्हरचं नाव, मशीन कुठेही असू शकतं. समोरचा सर्व्हर नावासोबत पोर्ट (मशीनवरच्या दाराचा नंबर) दिलाय का बघतो, नसेल तर कंपनी.कॉम/.वेल-नोन/मॅट्रिक्स/सर्व्हर ही फाइल एचटीटीपीएसवर मागतो. फाइलमध्ये जेसनची (नाव आणि त्यापुढे माहिती लिहायचा साधा फॉरमॅट) एकच ओळ असते, "एम.सर्व्हर" च्या पुढे "मॅट्रिक्स.कंपनी.कॉम:४४३", बस्स. फाइल नाही मिळाली तर डीएनएसमधला (डोमेनच्या पत्त्यांची नोंदवही) एसआरव्ही रेकॉर्ड, म्हणजे सेवा कोणत्या मशीनवर, कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणारी नोंद, शोधतो, तोही नसेल तर सरळ कंपनी.कॉमच्या ८४४८ पोर्टवर जाऊन धडकतो, आणि तिथे तर तुमची वेबसाइट, चॅट नाहीच.

त्या ओळीतलं :४४३ कृपा करून काढू नका. पोर्ट दिसला नाही की समोरचा सर्व्हर ४४३ गृहीत धरत नाही, फाइलमधल्या नावाचा एसआरव्ही शोधतो आणि तो नसला की परत ८४४८ वर जातो. ब्राउझरमध्ये सगळं नीट दिसतं, तुमचे लोक आपापसात बोलतात पण बाहेरच्यांचे मेसेज येत नाहीत, असं झालं तर आम्ही आधी हेच तपासतो.

एसआरव्ही का नको असंही विचारतात. चालतो, पण मग सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी सर्व्हरचं ओळखपत्र) कंपनी.कॉमच्या नावाचं लागतं, म्हणजे तुमच्या मेन डोमेनचं सर्टिफिकेट आमच्या मशीनवर ठेवावं लागेल, आणि ते आम्हाला मुळीच बरोबर वाटत नाही. फाइल वापरली की मॅट्रिक्स.कंपनी.कॉमचं सर्टिफिकेट पुरतं, ते आम्ही काढतो, रिन्यूही आम्हीच करतो.

आता पोर्ट. वेबसाइट त्याच मशीनवर असली तरी ती, तुमचे मोबाइल अ‍ॅप आणि बाहेरचे सर्व्हर, तिघंही एकाच ४४३ वर येऊ शकतात, ८४४८ वेगळा उघडायची गरज नाही. पुढे एनजिनएक्स (आलेल्या रिक्वेस्ट योग्य जागी वळवणारा वेब सर्व्हर) बसलेला असतो, तो टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं सुरक्षित कनेक्शन, जोडतानाच कोणतं होस्टनेम मागितलंय ते बघतो, मग पाथ /_मॅट्रिक्स ने सुरू होत असेल तर रिक्वेस्ट आत सिनॅप्सकडे, म्हणजे खुद्द मॅट्रिक्स सर्व्हरच्या सॉफ्टवेअरकडे, साधारण ८००८ वर, बाकीचं वेबसाइटकडे. मशीन स्वतः चालवत असाल तर एक गोष्ट जपा, एनजिनएक्सच्या सेटिंगमधल्या प्रॉक्सी पासच्या ओळीत (रिक्वेस्ट कुठे पाठवायची ते सांगणारी) पोर्टच्या पुढे स्लॅश नको. सर्व्हर-सर्व्हरमधल्या रिक्वेस्टवर सही असते आणि त्या सहीत यूआरआय (रिक्वेस्टचा पूर्ण पत्ता) जशीच्या तशी धरलेली असते, रूम आयडीत ! आणि : असतात, स्लॅशमुळे एनजिनएक्स ते डीकोड करून पुढे देतो, सही जुळत नाही आणि ४०१, म्हणजे परवानगी नाही असा एरर, येतो. बॉडी साइझची (एका रिक्वेस्टमध्ये किती डेटा पाठवता येतो त्याची) मर्यादाही वाढवा, एनजिनएक्सची मुळातली १ एमबी असते आणि त्यात साधा मोठा फोटोसुद्धा जात नाही.

अ‍ॅपसाठी शेजारी दुसरी फाइल लागते, .वेल-नोन/मॅट्रिक्स/क्लायंट. ब्राउझरमधून लॉगिन करणाऱ्यांसाठी तिच्यावर सीओआरएस हेडर (दुसऱ्या साइटवरून ही फाइल वाचायची ब्राउझरला दिलेली परवानगी) हवाच, नाहीतर होमसर्व्हर, म्हणजे तुमचा स्वतःचा मॅट्रिक्स सर्व्हर, सापडत नाही. दोन्ही फाइल आम्ही तयार करून पाठवतो, तुमच्या वेबवाल्याने फक्त टाकायच्या.

आणि कळकळीने सांगतो, वेबसाइट नवी करताना किंवा होस्टिंग बदलताना आम्हाला आधी कळवा. नव्या साइटबरोबर .वेल-नोन फोल्डर उडतो, टिंबाने सुरू होणारं फोल्डर कॉपी करताना दिसतही नाही. त्यात बाहेरचे सर्व्हर ही फाइल साधारण २४ तास, जास्तीत जास्त ४८ तास लक्षात ठेवतात, त्यामुळे बिघाड लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी एकेक सर्व्हर तुटायला लागतो आणि तोवर कोणाला वेबसाइटचं काम आठवतही नाही.

एक निर्णय मात्र सुरुवातीलाच घ्या. कोलनच्या पुढचं नाव नंतर बदलता येत नाही, सगळ्यांचे आयडी आणि रूममधल्या जुन्या मेसेजच्या सह्या त्याच नावाला बांधलेल्या असतात. सर्व्हर हलवता येतो, पोर्ट बदलता येतो, नाव नाही. त्यामुळे सेटअपचा फॉर्म भरताना डोमेन नक्की करूनच द्या, ठरत नसेल तर आधी फोन करा, आम्ही थांबू.