पहिला डोस अंदाजाने: दुबळी प्रतिकारशक्ती, रक्तातला संसर्ग आणि निष्प्रभ होत गेलेली प्रतिजैविके

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला ताप आला, तर ब्लड कल्चरसाठी रक्त काढून घ्यायचे आणि अहवालाची वाट न पाहता तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचे, हा कर्करोगाच्या वॉर्डातला अगदी प्राथमिक नियम आहे. कल्चरमध्ये जंतू उगवायला, तो ओळखायला आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे कळायला दोन-तीन दिवस जातात. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या रुग्णाच्या हाती तेवढे दिवस नसतात. म्हणून पहिला डोस अंदाजाने दिला जातो. हा अंदाज कसा ठरला, अनेक वर्षे तो बरोबर का येत राहिला आणि आता चुकू का लागला आहे, हा इतिहास फार जुना नाही. जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे.

१९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांवर अमिनोप्टेरिन हे औषध वापरून काही काळ तरी रोग मागे हटवता येतो हे दाखवले. त्या औषधाने कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही मरत, आणि कर्करोगाला तोंड देणारे रुग्ण जंतुसंसर्गाने दगावू लागले. पेशींची संख्या आणि संसर्ग यांचा नेमका हिशेब मांडला तो जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६६ साली. तीव्र ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, ५२ रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवले, की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर घनमिलिमीटरला हजाराच्या खाली गेल्या की संसर्गाचा धोका वाढू लागतो, शंभराच्या खाली तो फार तीव्र होतो आणि पेशी जितके जास्त दिवस खाली राहतील तितका तो वाढतच जातो. ‘काउंट किती आहे?’ हा आज नातेवाईकांच्याही तोंडी बसलेला प्रश्न त्या हिशेबातूनच आला आहे.

अशा रुग्णात संसर्ग ओळखणेही अवघड असते. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. त्याच नसतील तर पू होत नाही, गळू धरत नाही, छातीच्या एक्स-रेवर न्यूमोनियाची सावलीही कित्येकदा उमटत नाही. ताप हीच एकमेव खूण उरते. त्या काळात स्यूडोमोनास हा जंतू रक्तात शिरला की कल्चरचा अहवाल हातात पडेपर्यंत रुग्ण अनेकदा गेलेला असे. १९७१ साली स्टीफन शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताप दिसताच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन एकत्र सुरू करण्याची पद्धत मांडली आणि तिने मृत्यू कमी झाले. त्यानंतर युरोपातल्या संशोधकांच्या गटाने एकामागून एक चाचण्या करून कोणती जोडी चांगली हे तपासले, आणि १९८६ साली फिलिप पिझो यांच्या चाचणीने सेफ्टाझिडीम हे एकच औषधही पुरते असे दाखवले. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत जी मजल गेली, ती या ‘आधी औषध, मग निदान’ पद्धतीच्या आधारावर. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. त्यामागे शस्त्रक्रियेचे कौशल्य फारसे नव्हते. पेशी शून्यावर आलेले दिवस रुग्णाला पार करून देता येतील, हा भरवसा मात्र होता.

मध्यंतरी जंतूंचा पट बदलला. सत्तरीच्या दशकात छातीतल्या मोठ्या शिरेत कायम राहणाऱ्या नळ्या आल्या, त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस त्या नळ्यांच्या वाटेने आत जाऊ लागले, आणि ऐंशी-नव्वदीत पाश्चात्त्य देशांत स्टॅफिलोकॉकस ज्यात मोडतो त्या ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातल्या जंतूंचे प्रमाण वाढले. ताप येण्याआधीच सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे क्विनोलोन गटातले प्रतिजैविक गोळीतून देण्याची प्रथाही त्याच सुमारास रूढ झाली. ती उपयोगी होती. २००५ साली लेव्होफ्लॉक्सासिनवर झालेल्या मोठ्या चाचण्यांतही ताप आणि संसर्ग कमी झालेले दिसले. भारतात मात्र या प्रथेला पाया फारसा नव्हता, कारण इथल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूंपैकी बरेचसे क्विनोलोनला आधीच दाद देत नव्हते. तिकडच्या मार्गदर्शिका इकडे जशाच्या तशा उचलण्यातला धोका या एका उदाहरणात पुरेसा दिसतो.

खरी कलाटणी आतड्यात घडली. केमोथेरपीने तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे अस्तर सोलवटून निघते, आणि आतड्यात एरवी निमूटपणे राहणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला यांना रक्तात उतरायला वाट मिळते. म्हणजे रक्तातल्या संसर्गाचा जंतू बहुतेक वेळा रुग्ण स्वतःच घेऊन आलेला असतो, आणि तो औषधाला दाद देईल की नाही हे वॉर्डच्या स्वच्छतेइतकेच त्या माणसाने आजवर प्यायलेल्या पाण्यावर, खाल्लेल्या अन्नावर आणि घेतलेल्या गोळ्यांवर ठरते. सेफ्टाझिडीमच्या पिढीतल्या औषधांचे तुकडे करणारी ईएसबीएल नावाची विकरे (एन्झाइम) जंतूंमध्ये १९८३ साली जर्मनीत प्रथम नोंदली गेली आणि पाहता पाहता रुग्णालयांबाहेरच्या निरोगी माणसांच्या आतड्यांतही पोहोचली. अंदाज पुन्हा बरोबर यावा म्हणून डॉक्टर मेरोपेनेम, इमिपेनेम या कार्बापेनेम गटाकडे वळले. आपल्याकडे वॉर्डात ज्याला ‘हायर अँटिबायोटिक’ म्हणतात, ते बहुधा यांपैकीच असते.

तोही आधार फार काळ टिकला नाही. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीतल्या क्लेब्सिएलात कार्बापेनेमही निकामी करणारे नवे विकर सापडले. त्याला न्यू डेली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१, असे नाव दिले गेले. नावात राजधानी आल्याने आपल्याकडे मोठा गदारोळ झाला आणि देशाची बदनामी हाच चर्चेचा विषय बनला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे विकर बनवणारे जनुक मिळाले, ही बाब त्या गदारोळात मागे पडली. वास्तविक नावापेक्षा नळाची चिंता अधिक करायला हवी होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर नजर ठेवण्यासाठी २०१३ साली उभ्या केलेल्या रुग्णालयांच्या जाळ्यातून पुढची घसरण आकड्यांत दिसते. इमिपेनेमला दाद देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१६ साली ८६ टक्के होते, ते २०२१ पर्यंत ६४ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएलाच्या बाबतीत ते ६५ वरून ४३ टक्क्यांवर उतरले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले आहेत, तेव्हा गावपातळीला ते सरसकट लावू नयेत. पण पेशी शून्यावर असलेला रुग्ण असतो तो मोठ्या रुग्णालयांतच. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून सत्तरीच्या दशकात बाजूला सारलेले कोलिस्टिन अशा रुग्णांसाठी पुन्हा बाहेर काढावे लागले. आणि गंमत अशी, की तेच औषध कोंबड्यांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यातही मिसळले जात होते. त्यावर केंद्राने २०१९ साली बंदी घातली. २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम एनडीएमपुढे एकटे चालत नाही, त्याच्या जोडीला अझट्रिओनाम द्यावे लागते. एनडीएम जिथे जास्त आढळते अशा आपल्या देशात या नव्या औषधाचा उपयोग त्यामुळे मर्यादितच राहिला.

गोव्यापुरते बोलायचे, तर दुबळी प्रतिकारशक्ती हा केवळ कर्करोगाच्या वॉर्डाचा विषय नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. साखर सतत वाढलेली असली की न्यूट्रोफिल पेशी संख्येने पुरेशा असूनही त्यांचे काम मंदावते. मधुमेहींना गाठणारा मेलिऑयडोसिस हा आजार लागूनच असलेल्या कर्नाटक किनाऱ्यावर, विशेषतः उडुपी-मणिपाल भागात, पावसाळ्यात वारंवार दिसतो. त्याचा जंतू ओल्या मातीत आणि शेताच्या पाण्यात राहतो, जेंटामायसिनसह कित्येक औषधांना तो मूळचाच दाद देत नाही, आणि प्रयोगशाळेत तो स्यूडोमोनास समजला जाण्याची चूक होऊ शकते. हा प्रतिरोध कमावलेला नाही, जन्मजात आहे. पण अंदाज चुकला तर रुग्णाच्या दृष्टीने परिणाम एकच.

औषधांच्या विक्रीवर लगाम घालणारे परिशिष्ट एच-१ देशात १ मार्च २०१४ पासून लागू झाले. त्यात नोंदलेली प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि फार्मसीला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून ‘गेल्या खेपेची तीच पट्टी द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक म्हापशापासून काणकोणपर्यंत कोणत्याही फार्मसीवाल्याला नवे नाही. अशा अर्धवट घेतलेल्या गोळ्या त्या दिवसाचा ताप उतरवतातही कदाचित. आतड्यातल्या, औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची निवड मात्र त्या करून जातात, आणि ते जंतू पुढे कित्येक महिने तिथे राहू शकतात.

आणखी एक गोष्ट गोव्याच्या भूगोलातून येते. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला जाण्याची इथली रीत जुनी आहे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात सोयी वाढल्या तरी ती पुरती मोडलेली नाही. केमोथेरपीनंतर पेशी सर्वांत खाली जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत, म्हणजे रुग्ण कोकण रेल्वेने घरी परतलेला असतो तेव्हा. ताप येतो तो फोंड्यात, डिचोलीत किंवा सांग्यात, आणि पहिला डोस देणाऱ्या डॉक्टरने त्या रुग्णाला कधी पाहिलेलेही नसते. त्या रात्री त्याच्यासमोर दोनच कागद उपयोगाचे असतात: आपल्या रुग्णालयातल्या कल्चरांचा वर्षभराचा गोषवारा, आणि मुंबईहून आलेल्या फाइलमधला जुना कल्चर अहवाल. मागच्या खेपेला त्या रुग्णाच्या रक्तात किंवा शौचात कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला मिळाला होता की नाही, हे त्या अहवालात लिहिलेले असते. आणि डिस्चार्जच्या वेळी सारांशाचे एकच पान हाती पडल्यामुळे कित्येकदा नेमका तोच कागद मुंबईत राहिलेला असतो.